शास्त्रपाठ कोण वाचणार?

महाराष्ट्रातल्या मराठी मंडळ्यांचे पाळकसाहेब आणि पंच यांस,



वार्षिक सभा जवळ आली की पंच कमिटीपुढे मागण्यांचा ढीग पडतो. मंदिराचे पत्रे गळतात, कंपाउंडची भिंत कलली आहे, माइक खरखरतो, तरुण संघाला नवा कीबोर्ड हवा असतो. त्या ढिगात माझीही एक मागणी घालतो. तिला खर्च जवळपास नाही, आणि बहुधा म्हणूनच ती कुणी मांडत नाही. रविवारच्या उपासनेत पवित्र शास्त्र सलग, मोठ्याने आणि मंडळीतल्या साध्या सभासदांनी वाचावं. ते नीट वाचतील अशी पोरं आणि थोरं आपण तयार करावीत.

‘हे तर चालूच आहे’ असं तुमच्यातले काही जण म्हणतील. जिथे चालू आहे तिथल्या पंचांनी हे पत्र खुशाल बाजूला ठेवावं. पण मी नगरपासून नागपूरपर्यंत पाहुणा म्हणून ज्या ज्या मंडळ्यांत बसतो, तिथे बऱ्याच ठिकाणी वेगळंच दिसतं. गाणी अर्धा-पाऊण तास चालतात. सूचना, वाढदिवस, आभार, पुढच्या महिन्याच्या सहलीची वर्गणी, हे सगळं यथासांग होतं. मग पाळकसाहेब उभे राहतात, संदेशाच्या आधाराची तीन-चार वचनं वाचतात आणि पुस्तक मिटतात. पुढचा पाऊण तास त्या तीन-चार वचनांवर बोलणं होतं. दोन तासांच्या उपासनेत खुद्द शास्त्राच्या वाट्याला दोन-तीन मिनिटं येतात, आणि तीही एकाच आवाजात.

आता जरा बोचेल असं लिहितो. आपण प्रॉटेस्टंट माणसं ‘आम्ही शास्त्राची माणसं’ असा टेंभा पिढ्यान्‌पिढ्या मिरवत आलो. आपल्या लहानपणी तर कॅथलिक लोकांना बायबल हातात घेऊ देत नाहीत, असं आपल्याला सर्रास सांगितलं जायचं. पण व्हॅटिकनची दुसरी परिषद झाली, तिने १९६५ मध्ये सर्व श्रद्धावंतांना पवित्र शास्त्र सहज उपलब्ध झालं पाहिजे असा दस्तऐवज काढला, आणि त्यानंतर चारच वर्षांत रोमने मिस्सासाठी वाचनांचा तीन वर्षांचा क्रम ठरवून दिला. आज वसईच्या कुठल्याही चर्चमध्ये रविवारी जाऊन बसा. पहिलं वाचन, प्रतिसाद स्तोत्र, दुसरं वाचन आणि मग शुभवर्तमान. पहिली दोन वाचनं एखादी शिक्षिका, एखादा बागायतदार, कॉलेजात जाणारी एखादी मुलगी वाचून जाते. त्याच वसईतले फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’ लिहिलं आणि ते ख्रिस्ती नसलेल्या मराठी वाचकांच्याही कपाटात गेलं. ज्यांना आपण शास्त्रापासून दूर समजत होतो, ते एका रविवारात आपल्या महिनाभराएवढं शास्त्र ऐकतात. याची आपल्याला थोडी लाज वाटायला हरकत नाही.

ख्रिस्ताची कथा मराठी कानांवर पडू लागली ती मुळात मोठ्याने वाचूनच. इंग्रज जेज्विट फादर थॉमस स्टीफन्स गोव्यात आले, आणि १६१६ मध्ये राचोलला त्यांचं ‘ख्रिस्तपुराण’ छापलं गेलं. जुनी पुराणं बंद झाली, मग आम्ही वाचायचं काय, असं नवख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण विचारतो, असा प्रसंग त्यांनी ग्रंथातच घातला आहे. त्या प्रश्नाला उत्तर म्हणून हजारो ओव्या रचल्या गेल्या. देवनागरीचा टाइप नव्हता म्हणून मराठी ओव्या रोमन अक्षरांत छापल्या. रविवारी आणि सणाच्या दिवशी लोक जमत आणि एकजण वाचत असे. पुढे राज्यकर्त्यांनी स्थानिक भाषेवरच बंदी आणली. पहिल्या तिन्ही छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज हाती नाही. तरी ग्रंथ टिकला, कारण घराघरांतून लोकांनी तो हाताने उतरवून ठेवला होता. १९०७ मध्ये मंगळूरला तो पुन्हा छापला, तो अशाच हस्तलिखितांवरून. ज्यांनी उतरवला त्यांची नावं आपल्याला ठाऊक नाहीत. त्यातला निम्मा तरी उतारा दिव्याच्या उजेडात झाला असेल.

आपल्या बाजूची कथाही काही कमी कष्टाची नाही. सेरामपूरला विल्यम कॅरीने वैजनाथ पंडितांच्या मदतीने १८०५ मध्ये मत्तयाचं शुभवर्तमान आणि १८११ मध्ये नवा करार मराठीत आणला. १८१३ मध्ये मुंबईला उतरलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांना ती मराठी इकडच्या लोकांना उमगेना म्हणून त्यांनी कामाला नव्याने हात घातला. त्यांच्यातला गॉर्डन हॉल १८२६ च्या मार्चमध्ये नाशिक-त्र्यंबककडच्या दौऱ्यावरून परतताना पटकीने वाटेतच गेला, आणि त्याच वर्षी त्यांचा नवा करार पुरा झाला. इकडच्या लोकांना उमगणाऱ्या मराठीत अख्खं बायबल यायला १८४७ उजाडलं. (कोकणातल्या बेने इस्राएल मंडळींच्या घरांतही मराठी जुना करार गेला. बाप्तिस्मा त्यांनी घेतला नाही, पुस्तक मात्र घेतलं. ही गोष्ट मला फार आवडते.)

आणि केडगाव. पंडिता रमाबाईंना संस्कृत येत होतं, इंग्रजी येत होतं, जगभर मान होता. मुक्ती सदनात दुष्काळातून आणलेल्या शेकडो बायका-मुली होत्या, शेती होती, विहिरी होत्या, त्याचा कारभार एका माणसाला पुरून उरेल एवढा होता. तरी या बाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि आयुष्याची शेवटची वर्षं खेड्यातल्या बाईला कळेल असं बायबल करण्यात घालवली. मुक्तीतल्याच मुलींनी खिळे जुळवले, छापलं, बांधलं. रमाबाई ५ एप्रिल १९२२ ला गेल्या. १९२४ मध्ये त्यांचं बायबल निघालं. भाषांतर कुठे बोजड झालं यावर विद्वानांनी पुष्कळ लिहिलंय, लिहोत. मला त्या मुली दिसतात. १९०१ च्या खानेसुमारीत हिंदुस्थानातल्या शंभर बायकांत धड एकीलाही वाचता येत नव्हतं, आणि इथे दुष्काळात घरातून बाहेर फेकलेल्या पोरी शिशाची अक्षरं उलटी वाचून यशयाचं पान लावत होत्या.

त्या काळात गावोगाव फिरणाऱ्या ‘बायबल वूमन’ही अशाच. त्यांच्याकडे पोथी होती, आवाज होता आणि पायात बळ होतं. महारवाड्यात, मांगवाड्यात, क्वचित वाड्यांच्या मागल्या दारी बसून त्या वाचत आणि बायका ऐकत. आपल्या कित्येक घराण्यांत शास्त्र असं आलं. माझी आजी राहुरीकडची, जन्मभर शेतावर रोजगाराला गेलेली. तिला सही करता येत नव्हती. पण कंदिलाच्या उजेडात आजोबा वाचत असताना एखादा शब्द गाळला की ती जात्याजवळूनच हटकायची, ‘अहो, तिथं आणखी एक हाय.’ आणि खरंच असायचं. आमच्या घरी एकच बायबल होतं, कोऱ्या पानावर जन्म-बाप्तिस्म्यांच्या तारखा लिहिलेलं, आणि आठ माणसांना ते पुरत होतं.

आता पुस्तकांची वाण नाही. मोबाइलवर मराठी शास्त्र फुकट मिळतं, कुणी वाचून दाखवलेलंही मिळतं. मंडळीतल्या घरटी चार-पाच प्रती असतील. एक लग्नात भेट आलेली, प्लास्टिकसकट. ना. वा. टिळकांना रेल्वेच्या डब्यात एका गोऱ्या सहप्रवाशाने नवा करार दिला आणि डोंगरावरच्या प्रवचनापाशी येऊन ते अडकले, तेव्हा ती एक प्रत केवढी मोठी गोष्ट होती! आज कुणी कुणाला नवा करार दिला तर घेणारा ‘अ‍ॅप आहे माझ्याकडे’ म्हणतो.

अ‍ॅप आहे हे चांगलंच आहे, मी रोज वापरतो. पण त्यातून शास्त्र जसं वाटलं जातं, तो प्रकार एकदा नीट बघा. सकाळी सहाला ग्रुपवर वचन येतं. मागे सूर्योदय, पुढे गुलाब. यिर्मयाच्या एकोणतिसाव्या अध्यायातलं अकरावं वचन मला दर वाढदिवसाला पाच-सहा जणांकडून येतं. देवाच्या मनात तुमच्या भल्याचे संकल्प आहेत, अशा अर्थाचं. दहावीच्या निकालाला तेच, नव्या गाडीलाही तेच. हे वचन एका पत्रातलं आहे. ते पत्र यिर्मयाने बाबेलात धरून नेलेल्या लोकांना धाडलंय. वरच्याच वचनात सत्तर वर्षांचा आकडा आहे. म्हणजे ते पत्र ऐकणाऱ्या थोरांपैकी बहुतेकांना परत जाणं दिसणारच नव्हतं. त्यांना यिर्मया काय सांगतो? घरं बांधा, बागा लावा, पोरांची लग्नं करा, आणि ज्या शहरात तुम्हाला कैदी करून नेलंय त्याच शहरासाठी प्रार्थना करा. एवढं सगळं वाचून मग अकरावं वचन आलं की घशात आवंढा येतो. घरदार सोडून पिंपरी-चिंचवडला, सुरतेला, दुबईला पोट भरायला गेलेल्या आपल्या पोरांना हा अख्खा अध्याय हवा आहे. आपण त्यांना गुलाब पाठवतो.

अध्याय सलग वाचला की शास्त्र किती वेगळं ऐकू येतं, याचं एक उदाहरण देतो. दानिएलाचा तिसरा अध्याय. राजाने सोन्याची मूर्ती उभी केलीय, आणि वाद्यं वाजली की सगळ्यांनी दंडवत घालायचा असा हुकूम आहे. ती वाद्यांची लांबलचक यादी अध्यायात चार वेळा जवळपास जशीच्या तशी येते. अधिकाऱ्यांचीही यादी अशीच, हुद्द्यांवर हुद्दे. मनात वाचताना आपली नजर तिथून घसरते. मोठ्याने वाचा. दुसऱ्या वेळी ऐकणारे चुळबुळतात, तिसऱ्या वेळी कुणीतरी हसतं, आणि चौथ्या वेळी सगळ्यांना कळतं की लिहिणारा त्या राजाच्या थाटामाटाची रेवडी उडवतोय. मग तीन तरुण उभे राहतात आणि सरळ, दोन वाक्यांत नाही म्हणतात. देव सोडवील, आणि नाही सोडवलं तरी आम्ही वाकणार नाही. त्या लांबण लावलेल्या याद्यांनंतर हा नकार असा येतो की मंदिरात टाचणी पडली तर ऐकू येईल.

हाच अध्याय एका मंडळीत (कुठली ते सोडा) एका नववीतल्या मुलीला ऐन वेळी वाचायला लावला. ठरलेला माणूस आला नव्हता. ती इंग्रजी माध्यमातली. बोलायला चुणचुणीत, घरी अस्सल नगरी मराठी. पण ‘नबुखद्नेस्सर’ या राजाच्या नावापाशी अडली ती अडलीच. मागच्या बाकावरची पोरं खिदळली. कुणीतरी पुढे होऊन तिच्या हातून पुस्तक घेतलं, वाचन उरकलं. पोर तेव्हापासून पुढे आलेली नाही, आणि तिला पुन्हा कुणी विचारलेलंही नाही.

पंच मंडळींनो, खरी अडचण इथे आहे. आपल्या पोरांची एक अख्खी पिढी मराठी बोलते पण देवनागरी धडाधड वाचू शकत नाही. मराठी सक्तीचा कायदा २०२० पासून आहे, पण पेपरापुरतं वाचणं वेगळं आणि बारीक टाइपातलं, दोन रकान्यांतलं, जोडाक्षरांनी गच्च भरलेलं शास्त्र वाचणं वेगळं. घरच्या प्रार्थनेला काय होतं बघा. बाप मराठीतून वाचतो, मुलगी मोबाइलवर इंग्रजीत शोधते, तिला सापडेपर्यंत बापाचं वाचून झालेलं असतं, आणि धाकटा नुसता बसलेला असतो. एका खोलीत, एकाच वेळी, एकच शास्त्र तिघांना मिळत नाही. इंग्रजीत वाचूच नये असं मी म्हणत नाही. ज्या भाषेत डोळा पळतो त्या भाषेत वाचावं. पण आजीशेजारी बसून जे ऐकायचं ते मराठीत आहे, आणि मंडळीत जे वाचलं जातं तेही मराठीत. नवापूरकडे मावची बोलणाऱ्या आपल्या भावंडांना तर मराठीही शिकावी लागते. ते शिकतात आणि वाचतात. तर आपल्या पोरांना काय धाड भरली आहे?

मे महिन्यात आपण व्हीबीएस, म्हणजे सुट्टीतली बायबल शाळा, घेतो. अ‍ॅक्शन साँग, कागदकाम, शेवटच्या दिवशी कार्यक्रम. त्यातला रोजचा अर्धा तास नुसत्या वाचनाला द्या. मार्कचं शुभवर्तमान घ्या, ते सगळ्यांत लहान आहे आणि धावतं आहे. मोठ्या अक्षरांत पानं काढा, झेरॉक्सला असा किती खर्च येतो? जोडीजोडीने वाचायला बसवा. निवृत्त शिक्षक प्रत्येक मंडळीत दोन-चार तरी सापडतातच. त्यांना आपण सध्या फक्त सत्काराला बोलावतो. दहा दिवसांत पोरं तरबेज होणार नाहीत, पण लाज मोडेल. आणि हो, त्या नववीच्या मुलीकडे कुणीतरी स्वतःहून जा.

दुसऱ्या टोकाला आपली म्हातारी माणसं. मोतीबिंदू, गुडघे, जिना. दर महिन्याला पाळकसाहेब प्रभुभोजन घेऊन घरी जातात, त्यात एक स्तोत्र वाचलं जातं, प्रार्थना होते, चहा होतो. पाळकांवर चार-चार गावांचा भार असतो हे मला माहीत आहे, त्यांनी आणखी काही करावं असं मी म्हणणार नाही. पण महिला मंडळातल्या दोघींनी आठवड्यातून एकदा जाऊन रूथचं पुस्तक वाचून दाखवलं तर? चारच अध्याय आहेत. ज्या माणसाने साठ वर्षं रोज शास्त्र उघडलं आणि ज्याला आता अक्षर दिसत नाही, त्याच्या उशाशी मोबाइल बोलत ठेवणं हे काहीच नसण्यापेक्षा बरं, एवढंच. मध्येच थांबवून ‘ते पुन्हा वाच’ असं मोबाइलला सांगायला त्यांना जमत नाही.

तुम्ही म्हणाल, लोकांना धीर नाही, दहा मिनिटं वाचन चाललं तर माणसं कंटाळतात. नहेम्याच्या आठव्या अध्यायात एज्रा शास्त्री लाकडी मंचावर उभा राहून पाणीवेशीपुढच्या चौकात वाचतो. उजाडल्यापासून दुपारपर्यंत. पुरुष होते, बायका होत्या, आणि ज्यांना ऐकून समजेल ते सगळे होते, असं मुद्दाम नोंदलंय. एकटा एज्रा होता असंही नाही. लेवी लोकांत मिसळून अर्थ फोडून सांगत होते. लोक रडले. मग त्यांना सांगितलं गेलं की रडू नका, घरी जा, गोडधोड खा आणि ज्याच्या घरी काही नाही त्याला ताट पाठवा. तेव्हा कंटाळ्याचं खापर लोकांवर फोडण्याआधी आपण कसं वाचतो ते ऐकून बघा. आगगाडी चुकेल अशा घाईने वाचलं तर एज्रासुद्धा कंटाळवाणा होईल.

उलटी गोष्टही शास्त्रात आहे. योशीया राजाच्या काळी मंदिराची डागडुजी निघाली आणि त्यात महायाजकाला नियमशास्त्राचा ग्रंथ सापडला. हरवला होता तो कुठे? मंदिरातच. उपासना चालू होती, याजक होते, दान गोळा होत होतं, आणि ग्रंथ त्याच भिंतींच्या आत दिसेनासा झाला होता. राजापुढे तो वाचला तेव्हा राजाने कपडे फाडले. पत्रे आणि भिंतीच्या डागडुजीचा विषय तुमच्याही पुढे आहेच, म्हणून आठवण केली.

तेव्हा वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेत एवढं घाला. दर रविवारी जुन्या करारातला एक आणि नव्या करारातला एक, असे दोन पुरे शास्त्रपाठ. वाचणाऱ्याचं नाव आणि पाठ आदल्या रविवारच्या सूचनांत, म्हणजे सहलीच्या वर्गणीशेजारी, सांगावा, म्हणजे त्याला घरी चार वेळा वाचून येता येईल. ज्यांना वाचता येत नाही पण तोंडपाठ आहे त्यांचंही नाव यादीत असू द्या. एकशे एकविसावं स्तोत्र न बघता म्हणणाऱ्या आज्या अजून आहेत. पुलपिटाजवळ मोठ्या टाइपाची एक प्रत आणि एक बरा दिवा. पडद्यावर वचन दाखवायला माझी ना नाही, फक्त वाचन चालू असताना त्यावर ढग पळवू नका.

आमच्या मंडळीतून पहिल्या महिन्यासाठी वाचणारे आठ जण मी गोळा करून देतो, दोघे अजून शाळेत आहेत. तुमच्याकडून फक्त पाठ ठरवून हवेत. दानिएल ३ यादीत घ्यायला विसरू नका.

आपल्यातलाच,
मंडळीचा एक सभासद